पैसा निघाला, रोखा आला का? बीआर, एनडीएस-ओएम आणि रिटेल डायरेक्टचं परीक्षण

सरकारी रोखे विकत घ्यायच्या तीन सोयी इथे तपासल्या आहेत. पहिली १९९२ पर्यंत चाललेली बँक रिसीट, बाजाराच्या बोलीत 'बीआर'. दुसरी आज बँका वापरतात ती रिझर्व्ह बँकेची एनडीएस-ओएम यंत्रणा आणि तिच्यामागे उभी असलेली क्लिअरिंग कॉर्पोरेशन, म्हणजे सीसीआयएल. तिसरी सामान्य माणसासाठी १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झालेलं रिटेल डायरेक्ट. बीआर आता कोणी वापरत नाही. तरी सुरुवात तिच्यापासून केली आहे, कारण नागरी बँकेच्या गुंतवणूक समितीवरच्या संचालकाला किंवा पीएफ ट्रस्टच्या विश्वस्ताला आजच्या यंत्रणेतल्या अटी जाचक वाटतात, आणि त्या का घातल्या गेल्या हे बीआर पाहिल्याशिवाय उमगत नाही.

तिन्ही सोयींना कसोटी एकच लावली आहे. पैसा आपल्या खात्यातून निघाल्यापासून रोखा आपल्या नावावर चढेपर्यंत किती वेळ जातो, आणि त्या मधल्या वेळात दोन्ही टोकं कोणाच्या हातात असतात? व्याज किती, दलाली किती, पडदा सोपा की अवघड, हे सगळं त्यानंतर. बँकांमधले ट्रेडिंगचे घोटाळे वाचताना आपण माणसाच्या लोभापाशी थांबतो. लोभ सगळीकडे असतो. घोटाळा मात्र तिथेच होतो जिथे पैसा आणि कागद यांच्यात फट असते आणि त्या फटीवर एकच माणूस बसलेला असतो.

आता बीआर. समजा एका बँकेला १५ दिवसांसाठी १० कोटी रुपये हवे आहेत. तिच्याकडे सरकारी रोखे पडून आहेत. ती ते दुसऱ्या बँकेला आज विकते आणि १५ दिवसांनी ठरलेल्या जास्त किमतीला परत घ्यायचं कबूल करते. याला 'रेडी फॉरवर्ड' म्हणत. नावाला विक्री, प्रत्यक्षात रोखे तारण ठेवून घेतलेलं कर्ज. १८ टक्के दराने १० कोटींवर १५ दिवसांचे सुमारे ७ लाख ४० हजार रुपये होतात, आणि ते परतफेडीच्या किमतीत मिसळलेले असतात. त्या काळी एसएलआर ३८.५ टक्के होता. म्हणजे ठेवींचा मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत अडकवणं बँकांना भागच होतं. ते रोखे नुसते पडून राहण्यापेक्षा त्यांच्यावर थोड्या दिवसांचा पैसा उभा करणं ही रीतसर गरज होती.

अडचण होती रोखा पोचवण्याची. सरकारी रोख्यांच्या मालकीची नोंद रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसात, बँकेच्या एसजीएल म्हणजे रोख्यांच्या खात्यात असे. विकणाऱ्या बँकेने एसजीएल फॉर्म भरून द्यायचा, तो तिथे न्यायचा, कारकून वहीत हाताने नोंद करणार. नोंदी मागे पडत. खात्यात तेवढे रोखे नसले तर फॉर्म चेकसारखा परत येई, आणि तो परत आल्याचं कळायलाही वेळ लागे. सार्वजनिक कंपन्यांच्या बाँडची तऱ्हा याहून वाईट होती. पैसे भरून महिने उलटले तरी छापील बाँड हाती पडत नसत, नुसतं वाटपपत्र असे. अशा वेळी विकणारी बँक एक कागद लिहून द्यायची: तुमचे पैसे मिळाले, रोखे तुमच्यासाठी आमच्याकडे आहेत, तयार झाले की देऊ आणि तेव्हा हा कागद परत घेऊ. तोच बीआर. त्याचा जन्म लबाडीतून झाला नव्हता, कामाच्या खोळंब्यातून झाला होता. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे ज्या ज्या पळवाटेतून पैसा गेला ती प्रत्येक वाट आधी कोणाच्या तरी सोयीसाठी पाडलेली पायवाटच होती.

वस्तू म्हणून बीआर तपासला तर त्यातली उणीव डोळ्यात भरते. त्याची नोंद ठेवणारी तिसरी जागाच नव्हती. कराडच्या बँकेने आज किती बीआर दिले हे मुंबईतल्या कुठल्याही बँकेला कळायचा मार्ग नव्हता. रोखे खरोखर आहेत की नाहीत याचा पुरावा त्या कागदावर नसे, फक्त ते असल्याचं विधान असे. एकाच रोख्यावर दोन बीआर निघाले तर ते एकमेकांना कधी भेटत नसत. कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेण्याचं काम दलालाकडे होतं.

दलालाचं खरं काम दोन बँकांना जोडून देणं. हळूहळू तो दोघींच्या मध्ये भिंतीसारखा उभा राहिला. विकणारी कोण हे घेणारीला ठाऊक नाही, घेणारी कोण हे विकणारीला ठाऊक नाही, दोघींचा हिशेब दलालाशी. चेक बँकेच्या नावाने निघत, पण मोठ्या दलालांच्या बाबतीत ते चेक त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा करून घ्यायचा प्रघात पडला होता. नॅशनल हाउसिंग बँकेने एएनझेड ग्रिंडलेज बँकेच्या नावाने काढलेले चेक हर्षद मेहताच्या खात्यात जमा झाले. त्यावरून झालेला या दोन संस्थांमधला वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बँकेच्या नावाचा चेक व्यक्तीच्या खात्यात जातो आणि काउंटरवरचा कोणी हात वर करत नाही, इतकी ती रीत अंगवळणी पडली होती.

पैसा एकदा दलालाच्या खात्यात आला की १५ दिवस तो त्याचाच. परत द्यायची वेळ आली की नव्या बँकेकडून नवा सौदा करून जुना फेडायचा. मधल्या काळात तो शेअर बाजारात लावायचा. शेअर चढत राहिले तोवर चक्र फिरत राहिलं. सेन्सेक्स एप्रिल १९९२ मध्ये ४,४०० च्या वर गेला होता. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन छोट्या बँकांनी रोखे हाताशी नसताना बीआर लिहून दिले. त्यांच्या भांडवलाच्या कितीतरी पट रकमेचे कागद मोठमोठ्या बँकांनी बिनदिक्कत घेतले. स्टँडर्ड चार्टर्ड त्यांपैकी एक. एवढ्या लहान बँकेकडे एवढे रोखे आले कुठून, हा प्रश्न ताळेबंदात न डोकावता घेणाऱ्या बँकेच्या एखाद्या कारकुनालाही विचारता आला असता. तो विचारला गेला नाही, कारण त्या सौद्यावर नफा मिळत होता.

२३ एप्रिल १९९२ ला सुचेता दलाल यांची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली आणि स्टेट बँकेच्या पुस्तकातली तूट चव्हाट्यावर आली. आठवड्याभरात रिझर्व्ह बँकेने आपले डेप्युटी गव्हर्नर जानकीरामन यांची समिती नेमली. समितीने अडकलेली रक्कम ४,०२४ कोटींच्या घरात काढली. कराडची बँक त्याच वर्षी अवसायनात गेली.

बीआरला गुण द्यायचे तर पाचपैकी एक देईन. तोही एवढ्यासाठी की छपाईला महिनोन्महिने लावणाऱ्या यंत्रणेत त्याची गरज खरी होती.

बीआर गेला, पण त्याचा साचा गेला नाही. लंडनमध्ये सप्टेंबर २०११ मध्ये यूबीएस बँकेला एका ट्रेडरच्या सौद्यांमुळे २ अब्ज ३० कोटी डॉलरचा फटका बसला. तो ईटीएफच्या, म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांच्या, टेबलावर होता. युरोपातल्या काही ईटीएफ सौद्यांची समोरच्या पक्षाकडून पोच सौदा पुरा होईपर्यंत घेतली जात नसे. त्याने नेमके तसले, लांबच्या तारखेचे खोटे सौदे पुस्तकात घातले. खरी जोखीम उघडी, तिला झाकणारा सौदा फक्त कागदावर. मालाशिवाय लिहिलेला बीआर तो हाच. मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतलं पंजाब नॅशनल बँकेचं २०१८ चं प्रकरणही याच जातीचं. परदेशातल्या शाखांना हमी देणारे एलओयू स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावरून गेले, पण स्विफ्ट बँकेच्या मुख्य खातेप्रणालीला जोडलेली नव्हती. संदेश बाहेर पडला, वहीत नोंद झालीच नाही. सुरुवातीला जाहीर झालेला आकडा ११,४०० कोटींच्या आसपास होता. १३ मार्च २०१८ ला रिझर्व्ह बँकेने एलओयू हा प्रकारच बंद केला. सोय काढून टाकणं हा सर्वांत सोपा उपाय, पण त्यात प्रामाणिक आयातदाराचीही वाट बंद होते.

आता जिल्ह्याकडे वळू, कारण महाराष्ट्राला बसलेला सगळ्यांत झोंबणारा फटका मुंबईच्या १९९२ च्या नंतरचा आहे. २००१-०२ मध्ये होम ट्रेड नावाच्या वाशीच्या दलाली कंपनीमार्फत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी सरकारी रोखे 'घेतले'. नागपूर जिल्हा बँकेची रक्कम सव्वाशे कोटींच्या आसपास होती. विदर्भ-मराठवाड्यातल्या आणखी बँका त्यात होत्या. पैसे थेट दलालाला दिले गेले. बदल्यात आली कॉन्ट्रॅक्ट नोट. रोखे आलेच नाहीत. कंपनीच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर आणि शाहरुख खान दिसत होते, त्यामुळे नाव घराघरांत पोचलेलं होतं. पण कॉन्ट्रॅक्ट नोट ही फक्त 'सौदा ठरला' याची चिठ्ठी असते. ती रोख्याची पावती नाही, मालकीचा दाखला तर नाहीच. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवलं. ठेवी होत्या शेतकऱ्यांच्या आणि गावोगावच्या सोसायट्यांच्या. पैसे गेल्यापासून निकालापर्यंत एकवीस वर्षं गेली.

चीड येते ती यासाठी की तोवर एसजीएलची नोंद संगणकावर गेली होती आणि १९९५ पासून रोखा व पैसा एकाच वेळी हलवण्याची पद्धत, म्हणजे डिलिव्हरी व्हर्सेस पेमेंट, सुरू झाली होती. मुंबईत फट बुजवली होती, जिल्ह्यात ती तशीच होती. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांना कागदी रोखे बंद केले आणि एसजीएल, गिल्ट (दुसऱ्या बँकेमार्फत ठेवलेलं रोख्यांचं खातं) किंवा डीमॅट खात्यातूनच व्यवहार करायला लावले.

दुसरी सोय आजची, आणि परीक्षणाचा मुख्य भाग हाच. सीसीआयएलने फेब्रुवारी २००२ मध्ये काम सुरू केलं आणि १ ऑगस्ट २००५ ला एनडीएस-ओएम आली. पडद्यावर सगळ्यांच्या बोली दिसतात, बोली कोणाची ते दिसत नाही. जुळणी यंत्र करतं. जुळणी झाली की सीसीआयएल दोघांच्या मध्ये स्वतः उभी राहते: विकणाऱ्याकडून घेणारी तीच, घेणाऱ्याला देणारी तीच. १९९२ मध्येही समोरचा कोण हे कळत नसे आणि आजही कळत नाही. तेव्हा मधल्या जागेवर दलाल होता. आज तिथे मार्जिन, म्हणजे आगाऊ अनामत, घेणारी, सौद्याची हमी देणारी आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची संस्था आहे. सौदा आज, हिशेब पुढच्या कामाच्या दिवशी. दिवसभराची देणी-घेणी वजा करून निव्वळ रक्कम आणि निव्वळ रोखे एकत्रच हलतात. एक हललं आणि दुसरं अडलं असं होत नाही. कसोटीच्या भाषेत सांगायचं तर फट एका दिवसाची, आणि तीही हमी असलेली.

रिझर्व्ह बँकेत स्वतःचं एसजीएल खातं नसलेल्या छोट्या नागरी बँकेने हे वापरायचं कसं? एखाद्या मोठ्या बँकेत किंवा प्रायमरी डीलरकडे, म्हणजे सरकारी रोख्यांच्या अधिकृत व्यापाऱ्याकडे, गिल्ट खातं उघडायचं. असं खातं एकच ठेवता येतं आणि त्याला जोडलेलं पैशाचं खातं ठरलेलं असतं. ही अट त्रासाची वाटते, पण दोन ठिकाणी गिल्ट खाती असती तर एकच रोखा दोनदा दाखवायला जागा राहिली असती. २०१२ पासून गिल्ट खातेदाराला एनडीएस-ओएम-वेबवर स्वतः बोली लावता येते. खातं ज्या बँकेकडे आहे ती आपल्यासाठी पैशाची आणि रोख्यांची मर्यादा लावते. त्या मर्यादेबाहेरची बोली यंत्र घेतच नाही. दलालाला फोन करून 'तुम्हीच बघा' म्हणण्याची सवय असलेल्यांना पहिले दोन महिने जड जातात. नंतर उलट हलकं वाटतं, कारण भाव आपल्या डोळ्यांसमोर असतो.

मुख्य बाजारात किमान ५ कोटी दर्शनी मूल्याची बोली लागते, पुढे ५ कोटींच्या पटीत. त्याखालची रक्कम ऑड लॉटमध्ये, किमान १०,००० रुपये. भाव १०० रुपये दर्शनी मूल्याला सांगतात. ५ कोटींच्या सौद्यात ४० पैशांचा फरक म्हणजे २ लाख रुपये. हा एक आकडा गुंतवणूक समितीच्या प्रत्येक सदस्याला तोंडपाठ हवा. दलालाने 'पैशांचाच तर फरक आहे' म्हटलं की त्या पैशांचे रुपये किती होतात ते तिथल्या तिथे सांगता आलं पाहिजे.

भावाच्या वर जमा झालेलं व्याज द्यावं लागतं, आणि चुका सगळ्यांत जास्त इथे होतात. सरकारी रोख्यांत महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरतात. ७ टक्क्यांचा रोखा शेवटच्या व्याजानंतर ६० दिवसांनी घेतला तर १०० रुपयांमागे १.१६६७ रुपये, म्हणजे ५ कोटींवर ५,८३,३३३ रुपये वेगळे मोजावे लागतात. ही रक्कम पुढच्या व्याजात परत येते, तो खर्च नव्हे. काही बँकांच्या पुस्तकात ती रोख्याच्या किमतीत मिसळलेली आढळते, मग मूल्यांकनात खोटा तोटा दिसतो. दलालामार्फत सौदा असेल तर भाव, जमा व्याज आणि दलाली हे तीन आकडे वेगवेगळे लिहून घ्या. एकच गोळाबेरीज आली तर कागद परत पाठवा.

रोखा निवडताना व्याजदरावर जाऊ नका, आयएसआयएन, म्हणजे प्रत्येक रोख्याचा वेगळा क्रमांक, बघा. ७.१८ टक्क्यांचा २०३३ चा रोखा आहे आणि ७.१८ टक्क्यांचाच २०३७ चाही आहे. नावं कानाला सारखी, मुदतीत चार वर्षांचा फरक. बाजारातला दर एक टक्क्याने चढला तर दहा वर्षं मुदत उरलेला रोखा साधारण सात टक्के घसरतो, म्हणजे ५ कोटींवर सुमारे ३५ लाख. जितकी मुदत लांब तितकी घसरण मोठी. चुकून लांबचा रोखा घेतला आणि जुळणी झाली तर तो परत करता येत नाही. समोरचा कोण हेच माहीत नसताना विनवणी करणार कोणाला?

या सोयीची मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. एनडीएस-ओएम रोखा पोचवते. तुम्ही योग्य भावाला घेतलात की नाही, हे ती बघत नाही. पडद्याबाहेर ठरवलेला सौदाही यंत्रणेत नोंदवून सीसीआयएलमार्फत पुरा करता येतो, आणि तो भाव बाजारापेक्षा रुपयाभर महाग असला तरी रोखा बिनबोभाट खात्यात येतो. म्हणजे चोरी कागदातून उठून भावात जाऊन बसते. तपासायला फार काही लागत नाही. सीसीआयएलच्या संकेतस्थळावर बाजारभाव सगळ्यांना दिसतात, आणि बाजाराचे संदर्भदर काढणारी एफबीआयएल ही संस्था रोज प्रत्येक रोख्याचं मूल्यांकन जाहीर करते. सौद्याचा भाव, त्या वेळचा पडद्यावरचा भाव आणि संध्याकाळचं मूल्यांकन हे तीन आकडे डील स्लिपवर शेजारी शेजारी लिहायची सवय लावा. महिन्याच्या शेवटी नुसती नजर फिरवली तरी एखाद्याच दलालाचे सौदे कायम महाग आहेत का ते दिसतं. एका दलालाकडे वर्षाच्या एकूण सौद्यांच्या ५ टक्क्यांहून जास्त काम जाऊ नये, हा रिझर्व्ह बँकेचा दंडकही याचसाठी आहे.

दुसरी मर्यादा माणसांची. यंत्रणा कितीही चोख असो, सौदा करणारा आणि सौद्याची नोंद तपासणारा एकच असेल तर तिचा उपयोग निम्मा होतो. ब्रिटनच्या बेअरिंग्ज बँकेच्या सिंगापूर शाखेत निक लीसन ट्रेडिंगही बघायचा आणि हिशेबाचा विभागही. तोटे ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात जात राहिले. अंतर्गत तपासणीने १९९४ मध्येच हे दोन हात वेगळे करा असं लिहून दिलं होतं. ते झालं नाही, कारण सिंगापूरहून दिसणारा नफा सगळ्यांना हवा होता. मार्जिनसाठी लंडनहून बँकेच्या भांडवलापेक्षाही जास्त पैसा गेला, तरी 'बिनजोखमीच्या' धंद्याला इतका पैसा का लागतो असं कोणी ठणकावून विचारलं नाही. फेब्रुवारी १९९५ मध्ये ८२ कोटी ७० लाख पौंडांचा खड्डा घेऊन १७६२ साली स्थापन झालेली बँक बुडाली. फ्रान्सच्या सोसिएते जनराल बँकेत जेरोम केर्विएल या ट्रेडरच्या वेळी विभाग वेगळे होते, पण तो त्या तपासणी विभागातूनच वर आलेला. कोणती तपासणी कधी होते हे त्याला पाठ होतं, आणि खोटा सौदा तपासणीआधी काढून त्या जागी दुसरा घालता येत होता. जानेवारी २००८ मध्ये तोटा निघाला ४ अब्ज ९० कोटी युरो. २००७ मध्ये त्याने जेमतेम चार दिवस सुट्टी घेतली होती. नाजूक जागेवरच्या माणसाने वर्षातून सलग दहा कामाचे दिवस, आधी न सांगता, रजेवर जावं असं रिझर्व्ह बँक वाणिज्य बँकांना सांगते ते यासाठी. आपल्याकडे 'साहेब कधी रजा घेत नाहीत' हे कौतुकाने सांगतात. गुंतवणूक विभागाबाबत ते ऐकलं की तपासणाऱ्याने आधी त्याच टेबलापाशी जावं.

तीन माणसांच्या छोट्या बँकेत विभाग वेगळे करणार कसे, हा रास्त प्रश्न आहे. निदान एवढं करता येतं: बोली लावणारा एक, डील स्लिप आणि पैसे सोडणारा दुसरा, आणि गिल्ट खात्याचा उतारा उघडणारा तिसरा. उतारा ज्या बँकेत खातं आहे तिथून थेट लेखापरीक्षकाच्या ईमेलवर जावा, गुंतवणूक लिपिकाच्या हातून नव्हे. पुस्तकातले रोखे आणि उताऱ्यातले रोखे आयएसआयएननुसार दर महिन्याला जुळवायचे. रक्कम जुळली म्हणून थांबायचं नाही, कारण दोन रोख्यांची बेरीज सारखी येऊ शकते. होम ट्रेडच्या वेळी हा एक उतारा कोणी मागितला असता तर तो पहिल्याच महिन्यात कोरा दिसला असता.

एनडीएस-ओएम आणि सीसीआयएलला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो छोट्या बँकांसाठी. बोलीचा पडदा तज्ज्ञांच्या हाताला बसेल असा आहे, आणि शिकवायला माणूस नसेल तर ती बँक पुन्हा दलालाच्या फोनकडे वळते.

रिटेल डायरेक्टबद्दल थोडक्यात. खातं फुकट. पॅन, आधार किंवा केवायसी, बचत खातं, मोबाइल आणि ईमेल एवढ्यावर उघडतं. संयुक्त खातं चालतं, वारसनोंद करता येते. २०२४ पासून मोबाइल ॲपही आहे. सरकारी रोखा किमान १०,००० रुपयांचा, त्याच्याच पटीत. लिलावात तुम्ही भाव सांगायचा नाही, फक्त रक्कम सांगायची. लिलावात ठरलेल्या सरासरी भावाने रोखा मिळतो आणि उरलेले पैसे परत येतात. केंद्राच्या रोख्यात एका लिलावाला २ कोटींपर्यंत मागता येतात. पैसे यूपीआयने किंवा नेट बँकिंगने जातात आणि रोखा थेट रिझर्व्ह बँकेच्या वहीत तुमच्या नावावर चढतो. मध्ये दलाल नाही, बीआर नाही, कॉन्ट्रॅक्ट नोट नाही. कसोटीपुरतं बोलायचं तर सामान्य माणसाला इतकी घट्ट सोय पूर्वी कधी मिळाली नव्हती.

कमी पडतं ते विकताना. ऑड लॉटच्या पडद्यावर घेणारे थोडे, घेण्याच्या आणि विकण्याच्या भावांत अंतर मोठं. राज्य सरकारच्या एखाद्या रोख्याला दिवसभर गिऱ्हाईक मिळत नाही. मुदतीपर्यंत धरायची तयारी असेल तर ९१ किंवा ३६४ दिवसांचं ट्रेझरी बिल आणि पाच-दहा वर्षांचा केंद्राचा रोखा इथे निर्धास्त घ्यावा. मुलीच्या लग्नाला दोन वर्षांनी लागणारा पैसा चाळीस वर्षांच्या रोख्यात घालू नये. तो सुरक्षित आहे खरा, पण हवा त्या दिवशी हव्या त्या भावाला मोकळा होईल याची हमी कोणीच दिलेली नाही. पाचपैकी चार.